घरगुती म्हणजे कुणाच्या घरचं?

गच्चीवर शेजारच्या शोभावहिनी कुरडया घालत होत्या. मिठाच्या बरणीला टेकवलेला मोबाईल त्यांचा व्हिडिओ काढत होता. इतकी वर्षं त्यांच्या कुरडया कोपऱ्यावरच्या दुकानात पुडीवर नुसतं 'घरगुती' लिहून खपायच्या. मोठा सोयीचा शब्द. त्यात घर असतं, बाई नसते.

"दुकानाशिवाय तुम्हाला कोण विचारणार?" दुकानदार म्हणाला होता.

आता फेसबुकवर परगावच्या बायका त्यांना विचारतात, "वहिनी, गहू किती दिवस भिजवता?" वहिनी सांगतात, आणि त्याच बायका वहिनींचं नाव घेऊन कुरडया मागवतात.

मी म्हटलं, "घाम पुसा, व्हिडिओत दिसतोय."

सोऱ्या दाबत त्या म्हणाल्या, "दिसू दे की. इतकी वर्षं पुडीवर कुठे दिसला?"