बुलीमामांचा रिकामा सेंटर हाफ

आमच्या अनसिंगात हॉकीच्या खेळाडूंवरून वाद घालायचा तर आधी बुली घ्यावी लागे. आता सामना सेंटर पासने सुरू होतो, जुन्या काळी बुलीने होई. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मध्ये बॉल. काठी आधी जमिनीला टेकवायची, मग समोरच्याच्या काठीला. असं तीनदा झालं की बॉल जो ओढेल त्याचा. नियम बदलला, पण गावची टीम चालवणाऱ्या मामांनी तो मानला नाही. मैदानावर पंचांपुढे त्यांचं काही चाललं नाही, म्हणून त्यांनी बुली मैदानाकडेच्या चहाच्या हॉटेलात आणली. आजचा अमका त्या जुन्या तमक्यापेक्षा मोठा, असं कुणी म्हणालं की मामा बाकाखालून बॉल काढत. एकाच्या हाती त्यांची जुनी काठी, दुसऱ्याच्या हाती छत्री. बुली जिंकणाऱ्याने आधी बोलायचं आणि हरणाऱ्याने चहा संपेपर्यंत गप्प ऐकायचं. म्हणून सारं गाव त्यांना बुलीमामा म्हणे.

मामांची पीठगिरणी होती. भुवया कायम पांढऱ्या, त्यामुळे तरुणपणीच ते म्हातारे दिसत आणि पुढे म्हातारपण आलं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. रविवारी सकाळी गिरणीतलं झाडलेलं पीठ पोत्यात भरून ते मैदानावर येत आणि वाकून वाकून रेघा ओढत. चुना विकत आणा म्हटलं तर म्हणत, पीठ पडूनच तर राह्यलं. अडचण एवढीच, की गावातल्या शेळ्यांनाही हे ठाऊक होतं. दुसरा हाफ सुरू होईपर्यंत एका बाजूची डी, म्हणजे गोलपुढची अर्धगोल रेघ, शेळ्यांनी चाटून साफ केलेली असे. डीच्या आतून मारलेलाच गोल धरतात, म्हणून तो आतून मारला की बाहेरून, यावर मग मारामारीची वेळ येई. मामा शांतपणे शेळीकडे बोट दाखवत. "तिले विचारा."

वाद घालताना खेळाडूचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा दंडक. नाव घेतलं की माणसं हात जोडतात आणि वाद बुडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या हॉटेलात देशातले थोर खेळाडू 'फौजेतला', 'रेल्वेवाला', 'रेडिओवरचा' आणि 'टीव्हीवरचा' अशाच नावांनी वावरत. मामांचे बहुतेक देव रेडिओवरचे. त्यांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण कोण कोणत्या बाजूने बॉल काढी, ते उठून करून दाखवत.

त्यांच्या विरुद्ध बाजूला कायम पोस्टमास्तर. निवृत्त झालेले, घरी मोठा टीव्ही, नव्यांचे कैवारी. आजचे खेळाडू किती पळतात, पेनल्टी कॉर्नर किती जोरात मारतात, हे ते पोटतिडकीने सांगत. मामा ऐकून घेत आणि एकच वाक्य टाकत, "त्याले मुरमावर आन, मंग पाहू." टर्फच्या नकली गवतावरचा बॉल सरळ येतो, मुरमावरचा बॉल म्हणजे अफवा, कुठून उसळेल सांगता येत नाही. अफवा ओळखणारे ते खरे खेळाडू. टर्फवाल्यांची तर कंबरही वाकत नाही, असंही ते ठासून सांगत. यावर पोस्टमास्तर विचारत, की रेडिओवरून तुम्हाला कंबर दिसली कशी. मग पुन्हा बुली.

सगळ्या काळांतले मिळून अकरा खेळाडू मामांनी निवडले होते. कोण कुठे, हे लहान पोरांनाही पाठ. पण त्यात दहाच जण होते. सेंटर हाफची जागा रिकामी. पुढच्यांना आणि मागच्यांना जोडणारी ती मधली जागा, जुन्या हॉकीचा कणा. तिथे कोण, असं विचारलं की मामा म्हणत, "सेंटर हाफ खाली हाये."

हे वाक्य मी निम्मं आयुष्य उरावर वागवलं. शाळेत असताना मी त्यांचा सेंटर हाफ होतो. अकोल्याची टुर्नामेंट तोंडावर असताना मी डिप्लोमाला निघून गेलो आणि आमची टीम पहिल्याच फेरीत हरली. त्यानंतर सुट्टीत आलो, तर हॉटेलात मामा कुणाला तरी सांगत होते, सेंटर हाफ खाली हाये. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, असं मला वाटलं. मी चहा अर्धा ठेवून उठलो. पुढे वाशीमला नोकरी लागली, संसार झाला. अनसिंग जवळच, पण गावी गेलो की मी गिरणीच्या बाजूची गल्ली टाळून जायचो. आईचं दळणसुद्धा मी दुसऱ्या गिरणीत नेई. ती जागा माझ्या नावाने रिकामी आहे आणि गावाला ते ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

माझी मुलगी श्रुती नागपूरला शिकते आणि तिथे टर्फवर खेळते. मधल्या फळीत. तिला हॉकी मी शिकवली नाही. घरात काठी दिसली की मीच बेचैन व्हायचो. तिच्या सामन्याचा व्हिडिओ पोस्टमास्तरांच्या मोबाइलवर कसा पोचला कोण जाणे, पण त्यांनी तो मामांच्या नाकासमोर धरला. दोन दिवसांत मला निरोप आला. पोरीले मुरमावर आन.

मी टाळलं असतं, पण सुट्टीत घरी आलेल्या श्रुतीनेही तो निरोप ऐकला होता. त्या रविवारी ती मोटारसायकलवर मागे बसली आणि मी इतक्या वर्षांनी त्या मैदानावर गेलो. मामा खुर्चीत होते. गुडघे गेलेले, तरी पायाशी पिठाचं पोतं होतं आणि रेघा वेड्यावाकड्या का होईना, ओढलेल्या होत्या. श्रुतीचा पहिला बॉल उसळून नडगीला लागला, दुसरा भलतीकडेच गेला. पोस्टमास्तर खाली बघू लागले. ती मात्र हसली, आणखी खाली वाकली, काठी जमिनीलगत आडवी धरली आणि मग मुरमातून खडे वेचावेत तसे बॉल वेचू लागली.

मामा खुर्चीत पुढे सरकले. मग पोस्टमास्तरांना म्हणाले, "कंबर वाकते रे हिची. मी इतके दिवस खोटंच बोलून राह्यलो."

पोस्टमास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा विजय दिसला. त्यांनी तिथेच मागणी केली, की आता हिला अकरांत घ्या. मामांनी बॉल मागितला. खुर्चीत बसल्या बसल्या बुली घेतली, पोस्टमास्तरांची छत्री बाजूला सारली, बॉल ओढला आणि आधी बोलायचा हक्क मिळवला. "तिले अजून लई खेळायचं हाये. आताच टीमीत नेऊन बसवतं काय तिले?"

निघताना त्यांनी श्रुतीला जवळ बोलावलं. मी उगाच मोटारसायकलची किल्ली चाचपू लागलो. ते म्हणाले, "माय, सेंटर हाफ खाली हाये बरं."

परतताना ती माझ्या कानाशी ओरडून बोलत होती. "बाबा, ऐकलं ना? जागा रिकामी आहे म्हणाले." कुणी दार उघडून आत बोलवावं, तसा तिचा आवाज होता. तेच वाक्य. मी गाडी हळू केली.

पुढच्या रविवारी मी एकटाच गिरणीत गेलो. पट्टा बंद होईपर्यंत थांबलो आणि मग सगळं सांगून टाकलं. अकोला, डिप्लोमा, टाळलेली गल्ली, ती जागा माझ्यामुळे रिकामी राहिली ते. मामा भुवयांवरचं पीठ पुसत ऐकत होते.

"तुह्यामुळे?" ते म्हणाले. "लेका, तू असता तरी अकोल्यात हरलोच असतो. एखादा गोल कमी खाल्ला असता."

मी विचारलं, मग ती जागा कुणासाठी ठेवली होती.

"तुह्या बापालेही तेच म्हटलं होतं मी. तो हसला न् दुसऱ्या दिवशी काठी घिऊन आला. जो आला त्याले म्हटलं. भरून टाकली तं पोट्टे कायले येतीन?" मग जरा थांबून म्हणाले, "तूच एक येडा, चहा टाकून गेला."

त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि पूर्ण प्यायला लावला.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. त्यानंतरच्या रविवारी मी श्रुतीला घेऊन हॉटेलात गेलो. सगळे होते, पण वाद सुरू होईना. पोस्टमास्तरांनी दोनदा टीव्हीवरच्याचा विषय काढला आणि दोनदा सोडून दिला. समोर आडवं येणारं कुणी नव्हतं. शेवटी श्रुतीनेच बाकाखाली वाकून बॉल काढला आणि मामांची काठी माझ्या हातात दिली. स्वतः पोस्टमास्तरांची छत्री घेतली. जमीन, काठी. जमीन, काठी. जमीन, काठी. माझं मनगट वळेपर्यंत बॉल तिच्याकडे गेला होता.

ती जिंकली, म्हणजे आधी बोलणार ती. मी चहा घेऊन गप्प बसलो. पाठीवर दप्तरं घेतलेली काही पोरं दारात रेंगाळत होती, म्हातारा नसलेलं हॉटेल बघत. श्रुतीने छत्री खाली ठेवली आणि त्यांच्याकडे वळून, गावच्याच बोलीत म्हणाली, "काय पाहून राह्यले रे? या ना. सेंटर हाफ खाली हाये."