चार्जच्या यादीतली दुसरी चावी

अठरा वर्षं एका दवाखान्यात नोकरी केली, तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही घडल्याचं आठवत नाही. राजीनामा दिला आणि महिन्याभरात इतके किस्से जमले, की मित्रमंडळी संध्याकाळी चहाला बोलावून विचारायची, "हं, आज काय झालं?" माणूस जायला निघाला की सगळे त्याच्याशी जरा वेगळंच वागतात, त्याला आपला इलाज नाही.

गोष्ट एकाहत्तर सालची. दवाखाना नगरमधला, धर्मादाय. मी तिथल्या यंत्र विभागाचा प्रमुख. म्हणजे एक्स-रे, ईसीजी, ऑपरेशनची भांडी उकळायचा बॉयलर, आणि ज्या ज्या वस्तूला वायर असेल ती प्रत्येक वस्तू माझी. देवळाली प्रवरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, एक नवा दवाखाना उभा राहत होता. त्यांना यंत्रांचा प्रमुख हवा होता. कोरं मशीन, आणि विभाग पहिल्या खिळ्यापासून मी मांडायचा. अशी संधी पुन्हा येत नाही. मला मनापासून जायचं होतं. त्यांची अट एकच: एक तारखेला हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो.

*

मुलाखतीला निघालो तेव्हा बायकोनं रोजच्यासारखी मोहट्याच्या देवीच्या अंगाऱ्याची पुरचुंडी बंडीच्या आतल्या खिशात घातली. रोज सकाळी जुन्या बंडीतून धुतलेल्या बंडीत ती पुरचुंडी तीच हलवते. तोवर मी ती कधी उघडून बघितली नव्हती.

तिकडं मुलाखत घ्यायला चेअरमन स्वतः. पक्के ऊसवाले. नवीन मशीन अजून खोक्यात होतं आणि खोक्याला म्हैस बांधलेली होती.

"मशीन चालवता ते ठीक हाय," चेअरमन म्हणाले, "पन बंद पडल्यावर काय करता?"

"बंद पडायच्या आधीच कुरकुरतं. मग मी जवळ जाऊन ऐकत बसतो."

चेअरमननी शेजारच्यांकडं बघितलं. "बैलाचंबी आसंच आसतं. घ्या ह्यांना!"

माझी सर्टिफिकेटं पिशवीतच राहिली.

*

राजीनाम्याचा कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "जीभ दाखवा."

मी दाखवली.

त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नाडी बघितली, आणि राजीनाम्याच्याच कागदावर खाली टॉनिक लिहून दिलं. "जेवणानंतर दोन चमचे. पंधरा दिवसांनी दाखवा."

पंधरा दिवस टॉनिक घेतलं. भूक वाढली, पण राजीनामा तसाच राहिला.

*

मग मोठ्या डॉक्टरांनी अट घातली. माझी जागा वसंतानं घ्यायची, आणि वसंता तयार झाल्याशिवाय मी हलायचं नाही.

वसंता माझा असिस्टंट. पाथर्डीकडचा, तीस वर्षांचा, हाताचा अतिशय साफ. खोट एकच. वडीलधाऱ्या माणसाला 'हे करा' म्हणून सांगायची त्याला लाज वाटायची. आणि आमच्या धंद्यात पहिलं वाक्यच 'अंगावरचं सगळं काढा' हे आहे.

त्याच्याच गावाकडचे एक म्हातारे खोकला घेऊन आले.

"बाबा, गळ्यातलं तेवढं काढता का?" वसंता म्हणाला. "न्हाई म्हंजी, ऱ्हाऊ द्यायचं आसंल तर ऱ्हाऊ द्या."

बाबांनी राहू दिलं.

मोठ्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडं धरली. तीन ताईत, छातीवरच्या खिशातली चुन्याची डबी, अडकित्ता आणि एक बिल्ला.

"संसार दिसतोय," ते म्हणाले. "ह्यात माणूस कुठाय?"

*

माझं उलटं होतं. माझा आवाज इतका मोठा, की मी आत 'श्वास धरा!' म्हटलं की बाहेर बाकांवर बसलेली सगळी माणसंही श्वास धरायची. मेट्रनबाईंनी दोनदा तक्रार केली. एकदा ऐन फोटोच्या वेळी वीज गेली आणि मी फ्यूज बघायला धावलो. 'सोडा' म्हणायचं राहून गेलं. परत आलो तर पेशंटनं कधीच सोडला होता, पण बाहेरचे एक पाव्हणे लाल होऊन बसलेले.

"आवो, तुमी का धरलाय?" मी विचारलं.

श्वास घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "मालकीन आत हाय ना!"

वसंताचं 'श्वास धरा' मात्र पेशंटलाही ऐकू जात नसे.

*

आमच्याकडं नोकरी सोडणाऱ्यानं चार्ज द्यायचा असतो. म्हणजे विभागातली एकूण एक वस्तू यादीप्रमाणे दाखवायची, हेडक्लार्कनं खूण करायची, आणि सगळ्या खुणा झाल्या की मोकळं व्हायचं. आमचे हेडक्लार्क यादीच्या बाहेर जगात काही असतं असं मानायचे नाहीत.

"फुटकी थर्मामीटर, दोन."

मी दोन फुटकी थर्मामीटर दाखवली.

"ही जास्तच फुटलीयत," ते म्हणाले, पण खूण केली.

असं करत करत शेवटच्या ओळीवर आलो. फिल्मच्या कपाटाच्या चाव्या, दोन. एक माझ्या टेबलात. दुसरी नियमाप्रमाणे विभागप्रमुखाच्या घरी. आमच्या घरी ती देव्हाऱ्याच्या खणात असायची. अठरा वर्षं तिथंच होती. घरी जाऊन खण उघडला, तर चावी नाही!

कपाट मशीनबरोबर परदेशातून आलेलं, कुलूप आत बसवलेलं, बदलायची सोय नाही. हेडक्लार्कनी पेन बंद केलं.

"चार्ज अपूर्ण."

घर उलथंपालथं केलं. ट्रंका, गाद्या, पिठाचा डबा. बायकोही माझ्याबरोबर शोधत होती. ती नगरचीच, माहेर चार गल्ल्यांवर. नव्या नोकरीबद्दल ती बरं-वाईट एक अक्षर बोलली नव्हती. फक्त रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढली की विचारायची, "चावी सापडली का?"

"नाही."

"सापडेल," असं म्हणून चहा टाकायची.

*

निरोप समारंभ मात्र आधीच ठरलेला होता, तो शनिवारी झाला. मेट्रनबाई बोलताना रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. हार, नारळ, पोहे, सगळं झालं.

सोमवारी सकाळी मी कामावर.

मेट्रनबाई जिन्यात भेटल्या आणि थबकल्या. "इतकं चांगलं बोलले मी," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आहातच!"



*

एकोणतीस तारीख आली. देवळालीहून पत्र आलं, फिटनेस सर्टिफिकेट आणि छातीचा फोटो घेऊन या म्हणून. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमचा फोटो वसंता काढेल. हीच त्याची परीक्षा. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

अठरा वर्षांत मी पहिल्यांदा मशीनच्या त्या बाजूला उभा राहिलो. शर्ट आपणहून काढला. आत बंडी. वसंतानं बंडीकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. तो आत गेला आणि म्हणाला, "साहेब, जमलं तर श्वास धरा."

फिल्म धुऊन आली. मोठ्या डॉक्टरांनी ती उजेडाकडं धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"फुप्फुसं साफ," ते म्हणाले. "हृदय जागेवर. त्याच्यावर चावी."

हेडक्लार्कना बोलावलं. त्यांनी फिल्म निरखून बघितली. "यादीतली वस्तू प्रत्यक्ष दाखवायची असते."

मी बंडीच्या आतल्या खिशातून पुरचुंडी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा सोडली. अंगारा, सुपारी आणि चावी. हेडक्लार्कनी खूण केली.

"पण हा फोटो देवळालीला चालायचा नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "दुसरा घ्या."

वसंता कानापर्यंत लाल झाला. मग डोळे मिटून ओरडला, "साहेब, बंडी काढा!"

मी काढली. दाराबाहेर बघितलं, तर बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापल्या बंड्या काढल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि तिथंच उभ्याउभ्या माझ्या राजीनाम्यावर सही केली.

संध्याकाळी घरी आलो, दारात चप्पल काढली.

"चावी सापडली का?" बायकोनं विचारलं.

"सापडली."

ती वळकटीची दोरी शोधायला आत गेली. चावी कुठं सापडली, ते तिनं विचारलं नाही.