अर्ध्या दुधाची कालवड

गोठ्यातली सगळी माणसं तिला जमादारीण म्हणत. दूध न्यायला येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरने ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं, की तिचं खरं नाव नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागे. अंगाने किरकोळ, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की धारा काढणारे गडी खाली मान घालून कामाला लागत. वासरांचा कोपरा तिचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तान्ही वासरं तिनेच वाढवली होती, आणि दूध प्यायला लागलेलं वासरू आपल्या हातून कधी गेलं नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण गोष्ट खरी होती.

मग धाकट्या दिराची बायको घरात आली. तिलाही वासरांतलं कळत होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आल्या आल्या तिने बादलीतून दूध पाजणं बंद केलं आणि रबरी निपलच्या बाटल्या आणल्या. तेही चाललं असतं. पण एके दिवशी तिने जमादारणीची जुनी, पोचे पडलेली बादली न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. हसू नका, त्या बादलीबरोबर बाईची निम्मी हयात गेली होती. त्या दिवशी जमादारीण तिला तोंडाला येईल ते बोलली आणि नंतर एक शब्द बोलली नाही.

अगदी अबोला म्हणावा तर तसंही नाही. दोघींचं काम एका छपराखाली, पाण्याचा नळ एकच. मग दोघी जावा वासरांशी बोलत. नळ बंद करायचा असतो, हे तुझ्या मोठ्या आईला सांग, असं धाकटी एखाद्या वासराच्या कानाशी म्हणे, पण गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जमादारीण दुसऱ्या वासराला गोंजारत उत्तर धाडी, की तुझ्या धाकट्या आईचे हात काही मोडलेले नाहीत. गड्यांची फुकटची करमणूक होई. दोघींचे नवरे या भानगडीतून अंग काढून होते.

अशात जमादारणीची लाडकी एका डोळ्याची गाय विताना गेली. मागे कालवड राहिली, कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. जमादारणीची मुलं केव्हाच आपापल्या वाटेने गेली होती, आता तिचा सगळा जीव या कालवडीत गुंतला. धाकटीचाही गुंतला होता, पण ते जमादारीण मरेपर्यंत कबूल करणार नव्हती.

थोड्याच दिवसांत कालवड मलूल झाली. पोट फुगलेलं, दात करकर चावायची, शेण डांबरासारखं काळं. डॉक्टर आले. तपासून म्हणाले, हिच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात जखमा झाल्यात, माणसाला अल्सर होतो तशा, आणि पोटातलं आम्ल त्या भरू देत नाही. आम्ल कमी करायचं औषध त्यांनी दिलं. ते नळीने घशात ओतायचं नाही, दुधात घालून तिला चोखू द्यायचं, म्हणजे थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. दूध थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. एवढं सांगून ते घाईने पुढच्या गोठ्यावर निघून गेले. सकाळचं दूध जमादारणीने पाजायचं आणि दुपारनंतरचं धाकटीने, अशी वाटणी झाली.

औषध दोघींनी नेमाने घातलं. पण हे दुखणं धाकटीच्या बाटल्यांनीच आणलं, हे जमादारणीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ही बया माझ्यामागे भसाभसा पाजत असणार, पोट काही उगाच फुगत नाही. म्हणून तिने आपल्या वाटणीचं दूध निम्म्यावर आणलं. तिथे जास्त जातंय तर इथे कमी जाऊ दे. कालवड हंबरली की ती मोठ्याने म्हणे, पोटात कळा येतायत बाई तुझ्या, पाज म्हणावं अजून. पलीकडे शेण ओढणारी धाकटी दुपारी त्याच कालवडीला ऐकवी, की तुझ्या मोठ्या आईने आज सकाळीच ठासून भरलेलं दिसतंय तुला. दोघींची सगळी उणीदुणी त्या मुक्या जिवाच्या कानावरून जात होती. आपण किती पाजतो, तेवढं मात्र दोघींनी पोटात ठेवलं.

मग एका सकाळी कालवड उठेना. डॉक्टर पुन्हा आले. आतल्या आत रक्त जाऊन तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आम्ल कमी करायचं इंजेक्शन त्यांनी शिरेत दिलं आणि विचारलं, दूध किती जातंय.

जमादारीण याच संधीची वाट बघत होती. "तिला विचारा की. दुपारी किती ओतते ते."

"ओततेय कसली?" धाकटी फटकन म्हणाली. "निम्मंच देते मी. सकाळचीच तट्ट भरलेली असते ना ती."

जमादारणीचा चेहरा उतरला. डॉक्टर तिच्याकडे वळले आणि सकाळचं विचारू लागले.

"निम्मंच," ती म्हणाली.

डॉक्टर चिडले, आणि तो राग त्यांनी लपवलाही नाही. पोटात दूध असलं की आम्लाचा जोर कमी राहतो, रिकाम्या पोटात ते पोटालाच खातं. तुम्ही तिला उपाशी ठेवलीत आणि वर औषधाचा गुण येण्याची वाट बघत बसलात. हे पहिल्याच खेपेला का नाही सांगितलं, असं जमादारणीच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तसंच ठेवून ती दूध आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून कालवड गेली. जमादारीण रडली नाही. तिला संताप आला होता, धाकटीचा, डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा, ज्याने मोजून कमी दूध ओतलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं ते वाक्य आता तिला कधीच म्हणता येणार नव्हतं.

गड्यांनी कालवड उचलून नेली. धाकटी तिच्या जागेवरचं ओलं गवत खोऱ्याने ओढू लागली. ओढता ओढता सवयीने तिची मान बाजूला वळली. "सांग गं तुझ्या मोठ्या आईला," एवढं ती बोलली आणि थांबली.

"माझ्याकडे बघून बोल," जमादारीण म्हणाली.

धाकटीने खोरं भिंतीला टेकवलं आणि खरंच तिच्याकडे बघितलं. "तुम्ही मारलीत तिला."

"अर्धी," जमादारीण म्हणाली. "उरलेली तू."

पलीकडची वासरं दुधासाठी हंबरायला लागली होती.