एकाच कुड्याची साल

आमच्या दोघांच्या साली एकाच झाडाच्या होत्या. हे आधीच सांगतो, कारण त्या वर्षी मला सगळ्यात जास्त हेच जाळत होतं.

रसायनशास्त्राच्या सरांनी मला आणि माझ्या एका वर्गमित्राला एकच काम दिलं होतं. आव झाली की कुड्याची साल देतात, तिच्यातलं औषधी कडू द्रव्य वेगळं काढायचं. ज्याचं काम चांगलं होईल त्याला पदवीनंतर सर आपल्या हाताखाली ठेवणार होते. मित्राचे वडील पुण्याला डॉक्टर. माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. ती जागा हुकली तर मला पोलादपूर-महाडकडे परतून कुठेतरी कारकुनी शोधावी लागणार होती.

कुडा आमच्या डोंगरात हवा तेवढा, म्हणून मे महिन्यात मीच मित्राला घरी नेलं. कुडपण गावाच्या वाटेवरच्या एका झाडाची साल आम्ही काढली आणि पडवीत सावलीला वाळत घातली. त्याची त्याच्या पंच्यावर, माझी सुपात. तेवढ्या मुक्कामात त्याने माझ्या आईलाही जिंकलं. मला घरातसुद्धा मागून खाणं जमत नाही. तो मात्र सरळ चुलीपाशी बसायचा.

"आई, अजून एक भाकरी."

"घे रे बाबा. आमच्या ह्याला दहांदा इचारावं, तवा कुठं हूं म्हणतो," आई हसून म्हणायची.

ते हसणं मला सोसत नसे.

मुंबईला कॉलेजात परतल्यावर आम्ही सालीची भुकटी केली, चुना मिसळून मद्यार्कात भिजवली, तो अर्क पुढे आम्लात घेतला. शेवटी आयोडीनचे थेंब; कडू द्रव्य उतरलं असेल तर साका बसतो. त्याच्या नळीत लगेच तपकिरी साका बसला. माझ्या नळीत जरासं गढूळ पाणी, बाकी काही नाही. मी पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. तोवर त्याच्या बशीत पांढरे स्फटिक धरले होते.

"तुझी साल तुझ्यावरच गेलीय," तो म्हणाला. "तोंडच उघडत नाही!"

सगळे हसले. सरही. जागा त्याला मिळाली.

प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नाही, असा सरांचा नियम होता. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तो मोडला. त्याच्या उरलेल्या सालीने तोंड वाकडं झालं. माझी साल सरपणासारखी बेचव.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, "माझ्या सालीला तू काही केलं होतंस?"

"केलं ना. उकळली, पानी वतलं, परत उकळली, मग सुकवली. कुड्याच्या शेंगांची भाजी करतो तशी. कडू जहर रे ते! तुझ्या सरांनी तोंडात घातलं असतं, तर तुला काय म्हनले असते?"

"आणि त्याची?"

"पावन्याच्या सामानाला न इचारता हात कसा लावू? सरांना चालली ना?"

"चालली."

"मग!" ती खूश झाली. "आनि तो कुठं हाय? गुनी पोर. त्याला का नाय आनलंस?"

मी भाकरी मोडत राहिलो. आणखी एक हवी होती. पण ते मागणं आता त्याचं वाटायला लागलं होतं. मी ताटात हात धुतला.