उलट्या आट्यांचे नट आणि शेगावची पाठवणी

शेगावला माझ्या नणंदेच्या मुलीचं, नेहाचं लग्न होतं. तिची पाठवणी आपल्याच गाडीतून होणार, असा शब्द माझ्या नवऱ्याने कुणीही न मागता दिला होता. गाडी सत्तर वर्षांची, अमेरिकन, निवृत्तीनंतर घेतलेली. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं यंत्रांचे भाग शिकवल्यामुळे आमचे प्राध्यापक तिला मेकॅनिकचा हात लागू देत नाहीत.

आदल्या दिवशी पुण्याहून निघून जालन्याला मुक्काम केला. समृद्धी महामार्ग जवळूनच जातो, पण ताशी पन्नासच्या वर आमची दारं वाजू लागतात, म्हणून जुन्याच रस्त्याने निघालो. देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घेतलं, बसस्टँडसमोर पोहे खाल्ले (झणझणीत, वर तर्री मागून घ्या). चिखलीपर्यंत रस्ता छान आहे. पेट्रोलचं मात्र विचारू नका. तेवढ्या पैशांत विमानाने जाऊन आलो असतो.

अमडापूरच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. दुपारचे बारा वाजले होते, पाठवणी पाचला. समोरच पंक्चरचं दुकान होतं. तिथून पांढऱ्या दाढीचे रहीमचाचा पाना घेऊन आले.

"राहू द्या, आमचं आम्ही करतो," प्राध्यापक म्हणाले. "मी हेच शिकवायचो."

चाचा "बरं" म्हणून शेजारच्या दगडावर बसले.

पहिला नट हलेना. प्राध्यापक पान्यावर उभे राहिले. मी वाकून पाहिलं, तर बोल्टाच्या टोकावर 'एल' कोरलेला होता.

"अहो, हा एल कशाचा?"

"कंपनीचं नाव असेल. तू सावलीत बस."

त्यांनी पान्याला लोखंडी नळी जोडली आणि पुन्हा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि बोल्ट तुटून नटासकट मातीत पडला. पाचातले चार उरले. नणंदेचा तिसरा फोन आला. मी "पोचतोच आहोत" म्हटलं. प्राध्यापक खाली बसले. पहिल्यांदाच मला त्यांची दया आली.

"चाचा," मी विचारलं, "हे निघत का नाहीये?"

"खुलून कसं राहीन बाई? साहेब तं कसून राह्यले. डाव्या अंगाच्या चाकाले उलटे आटे हायेत. चाक फिरता फिरता नट ढिले होऊ नये म्हणून. पहिले मी असेच ट्रक खोलत होतो."

"मग सांगितलं का नाही?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तुम्ही शिकवता म्हणले ना. मले वाटलं, काही नवी पद्धत असंल."

म्हणजे बोल्टावरचा तो 'एल' कंपनीचा नव्हता, लेफ्टचा होता. प्राध्यापकांनी पाना उचलला आणि चाचांच्या हातात दिला. चाचांनी तो उलट्या बाजूने फिरवला. चारही नट सुटले, स्टेपनी चढली. "चार नटांवर जाईन गाडी, पण हळू न्या," ते म्हणाले. मजुरी घेतली नाहीच, वर त्यांच्या घरून आलेली भाकरी आणि ठेचा आम्हाला खाऊ घातला.

खामगावमार्गे साडेचारला शेगावात पोचलो. कचोरी खायला वेळ मिळाला नाही, तुम्ही खा. नेहा रडत गाडीत बसली, मागचं दार लागेना म्हणून हसत उतरली, पुन्हा बसली. तिला सासरी सोडून परत आल्यावर मांडवात प्राध्यापकांनी उलट्या आट्यांवर व्याख्यान दिलं. नेहाच्या काकांनी विचारलं, "हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले, "आजच अमडापूरला शिकलो."

चौतीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

पुण्याला परतून महिना झाला. तुटलेला बोल्ट अजून कुठे मिळालेला नाही. पण बरणीचं झाकण निघेनासं झालं की आता ते आधी मला विचारतात, "कुणीकडे फिरवू?" मी सांगते. बहुतेक वेळा बरोबरच सांगते.