होरी आयली का?

मोरेश्वरला पुण्याला न्यायचं नक्की झालं आहे. परवा संध्याकाळी सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं. "आता यात बदल नाही, भाऊजी," असंही म्हणाल्या. डिसेंबरातल्या मीरा-भाईंदरच्या सहलीबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून ते आजच लिहितो आहे. थंडीतल्या निवांत सुट्टीवर चार मजेच्या ओळी लिहायचा विचार होता. तेवढं जमणार नाही.

बेत साधा होता. मोरेश्वर आणि मी एकाच वर्तमानपत्रात वीसेक वर्षं शेजारी बसलो. मी बातम्या लिहायचो, तो मुद्रितशोधक. माझा 'न' आणि 'ण' चुकून 'पाणी'चं 'पानी' झालं की लाल पेनाने गोल करून म्हणायचा, "बातमी खरी असेल, पण पाणी एवढं पातळ नको." निवृत्तीनंतर मी नाशिकला गेलो, तो मीरा रोडलाच राहिला. चार दिवस त्याच्याकडे लोळायचं, मासे खायचे, उत्तनला त्याच्या गावी जाऊन बसायचं, असं ठरलं होतं. "हल्ली विसरतात थोडं," एवढंच वहिनी बोलल्या होत्या.

नाशिकहून यायचं तर बोरिवलीची एसटी सोयीची. भिवंडीपाशी आणि घोडबंदर रस्त्यावर रखडायची तयारी ठेवा, डबा सोबत घ्या. काशीमीऱ्याला उतरलात की मीरा रोडपर्यंत रिक्षा मिळते. वाटेत दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती. पत्त्यात विंग लिहून घ्या, नाहीतर मी फिरलो तसे फिराल.

दार मोरेश्वरनेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. हात जोडून मला आत घेतलं, खुर्ची दिली. मग स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "ह्यो कोन हाय?"

तो माझी फिरकी घेतोय असं वाटून मी हसलो. कारण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'हाय' कधी ऐकलंच नव्हतं. तो उत्तनच्या कोळ्यांचा, हे माहीत होतं. पण तिकडची बोली तो कचेरीच्या जिन्याखालीच ठेवून वर यायचा.

चहा देताना वहिनी म्हणाल्या, "पहिल्यांदा हिंदी गेली. मग वाणी, वॉचमन, रिक्षावाला, सगळ्यांशी बोलणं गेलं. आता आपलं मराठीही चाललंय. उरलंय ते त्यांच्या आईच्या चुलीपुढचं. मी साताऱ्याची. मला त्यातलं निम्मं कळत नाही."

संध्याकाळी तो गॅलरीच्या जाळीशी उभा राहिला. समोर दुसऱ्या इमारतीचे कपडे वाळत होते. "होरी आयली का?" त्याने विचारलं.

"अहो, होडी कुठली? तुम्ही शाळेत होता तेव्हाच विकली मामंजींनी. आपण मीरा रोडला आहोत."

त्याने जाळीवर तळहात आपटला. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटला. दिवे लागेपर्यंत हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच उत्तनला. खाली वॉचमनने मला दम दिला, "अंकल का हाथ मत छोड़ना, आंटी रोती है." भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते. मुर्धा, राई, मोरवा अशी गावं येतात, मधेच मिठागरांचे जुने वाफे दिसतात. सकाळी लवकर निघालात तर खिडकी मिळेल. हिवाळ्यातच जा, कारण तेव्हा किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. बांबूंच्या उंच चौकटी, त्यांना इथे वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना खिळा. वास पहिल्यांदा अंगावर येतो, मग भूक लागते.

उत्तनला लागूनच पाली. तिथे मोरेश्वरची बहीण काशीबाई वलांडीपाशी जोड्या लावत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कवा आयलास रं? जेवलास का न्हाय?"

"न्हाय," मोरेश्वर म्हणाला, आणि पाटीतले दोन बोंबील उचलून त्याने जबड्यात जबडा अडकवला. मग दुसरी जोडी, तिसरी. शेजारच्या बायका त्याला चिडवायला लागल्या. "सायेब आले. हाताला वास लागंल तुज्या." तो हसला. दाताच्या फटीसकट तेच जुनं हसू. मग समुद्राकडे बघून त्याने विचारलं, "होरी आयली का?"

"न्हाय अजून. येल," काशीबाई म्हणाल्या, हात न थांबवता.

तो शांतपणे पुढची जोडी लावू लागला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. मी काशीबाईंना बाजूला घेऊन विचारलं, इथेच राहिला तर?

"मना नको का माजा भाऊ?" त्या म्हणाल्या. "गनपतीनंतर ठेवला होता. पोरं दर्यात, मी बाजारात. हा होरी बघाया कमरंपर्यंत पान्यात गेला. शेजारनीनं ओढून काढला. दार लावून ठेवू का त्याला? दर्या उंबऱ्याशी हाय."

 

परत आल्यावर त्या संध्याकाळी तो जाळीशी गेला आणि त्याने विचारलं. मी दुपारची गोष्ट वहिनींना सांगितली होती. त्या जवळ गेल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "न्हाय अजून. येल."

तो वळला.  मग कुणा पाहुण्याला सांगावं तशा सभ्य आवाजात म्हणाला, "तू हितली न्हाय."

वहिनी भाजी निवडायला बसल्या. मी टीव्ही लावला.

उरलेले दोन दिवस मी काही पाहिलं नाही. तुम्ही गेलात तर उत्तनला पूर्ण दिवस द्या आणि सुके बोंबील वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून आणा. माझी पुडी नाशिकला फडताळात आहे. काशीबाईंनीच बांधून दिली. उघडावीशी वाटत नाही.

परवा वहिनींनंतर त्यांच्या पुण्याच्या मुलीने फोन घेतला. वहिनींचे गुडघे गेलेत, एकटीने त्याला सांभाळणं होत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. दिवसभरासाठी बाई ठरवली आहे, लातूरकडची, स्वभावाने शांत. "मुद्दाम मराठी बघितली, काका. भाषेचा प्रश्न मिटला," ती म्हणाली. मी बरं म्हणालो.

शिमगा झाला की मुलगी गाडी घेऊन येईल. पुण्याच्या घरालाही गॅलरी आहे. संध्याकाळी मोरेश्वर तिथे जाऊन उभा राहील आणि विचारेल. बाई हातातलं काम ठेवून जवळ येईल, आणि अगदी प्रेमाने म्हणेल, "काय म्हणालात, काका?"