टकटकरावांच्या बारा बरण्या

एकोणीस वर्षं माणसाने नुसती झाकणं वाजवली तर त्याचं काय होतं, हे बघायचं असेल तर टकटकरावांना बघावं. शहरातल्या एका कारखान्यात भाज्या शिजवून काचेच्या बरण्यांत भरायचे. सरकत्या पट्ट्यावरून बरण्या यायच्या आणि टकटकराव हातातल्या लाकडी दांडीने प्रत्येक झाकणावर एक टक मारायचे. घट्ट बसलेलं झाकण खणखणीत बोलतं, हवा शिरलेलं बद्द बोलतं. बद्द बोललेली बरणी बाजूला. ही सवय घरापर्यंत आली. दार, टेबल, कलिंगड, जे समोर येईल त्याला टक. एकदा दुपारी झोपलेल्या सासऱ्यांच्या टकलापर्यंत यांचं बोट गेलं होतं, असं त्यांची बायको शपथेवर सांगते.

मग कारखान्यात झाकणं ऐकणारं यंत्र आलं आणि बावन्नाव्या वर्षी टकटकरावांचे कान रिकामे झाले. चार लोक दुसरी नोकरी शोधतात. यांनी डोंगरातलं गाव शोधलं. त्या उतारावर घेवड्याच्या शेंगा इतक्या कोवळ्या यायच्या की तोडल्यावर तिसऱ्या दिवशी सडायच्या, आणि खालून गाडी यायची आठवड्यातून एकदा. शेंगा जागच्या जागी बरणीत भरल्या तर गावाचंही भलं आणि आपलंही.

"अहो, तुम्ही झाकणं वाजवायचात," बायको म्हणाली. "आतलं शिजवणारे वेगळे होते."

"एकोणीस वर्षं डोळे मिटून नव्हतो उभा."

हे मात्र खरं होतं. शिजवण्याच्या खोलीच्या भिंतीवर लाल रंगात हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: काटा अकरा, वेळ पंचवीस. म्हणजे बरण्या वाफेच्या बंद भांड्यात ठेवायच्या, दाबाचा काटा अकरावर आणायचा आणि पंचवीस मिनिटं तिथून हलू द्यायचा नाही. टकटकरावांना स्वतःची लग्नाची तारीख आठवायला वेळ लागायचा, पण हे दोन आकडे झोपेत विचारा.

बायकोने शिवणाची बावीस गिऱ्हाईकं सोडली, मशीन गोणपाटात गुंडाळलं आणि तोंड फुगवून का होईना, ती वर आली. एका निवृत्त बसड्रायव्हरच्या घराखालची खोली भाड्याने मिळाली. ड्रायव्हरदादा सत्तरीचे, एकटे, जिभेला हाड नसलेले. खोलीत पितळी काट्याचं एक जुनं भांडं आलं, दोन फळ्या आल्या, आणि पहिल्या खेपेच्या साठ बरण्या तयार झाल्या. टकटकरावांनी साठही झाकणं वाजवली. साठही खणखणीत.

अनोळखी माणसाच्या हातचं कुणी एकदम विकत घेत नाही, म्हणून त्यांनी उतारावरच्या बारा घरांत एकेक बरणी भेट दिली. "उघडायचं आणि खायचं, कटकट नाही," असं प्रत्येक दारात सांगितलं. लोकांना त्या इतक्या आवडल्या की कुणी उघडल्याच नाहीत. पाहुणे येतील तेव्हा बघू म्हणून बाराही घरांत त्या फळीवर दिमाखात बसल्या. ही चालढकल झाली नसती तर पुढे काय झालं असतं, ते टकटकराव आजही बोलत नाहीत.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी ते थांब्याजवळच्या टपरीवर चहा घेत होते. चहावाली चुलीवर बटाटे उकडत होती.

"वहिनी, किती वेळ उकडताय? लगदा होईल."

"कुठला लगदा, भाऊ! तुम्ही शहरातली माणसं इथं पहिलं वर्षभर कच्चंच खाता. एवढ्या उंचावर पाणी उकळतं लवकर, पण तापतच नाही हो. खाली दहा मिनिटं, तर इथं वीस."

सगळे हसले. टकटकरावही हसले आणि हसता हसता त्यांच्या हातातला पेला थांबला. पाणी तापत नाही. मग वाफ?

चहा अर्धा टाकून ते चढ चढत घरी गेले आणि त्यांनी कारखान्यातल्या जुन्या बॉयलरवाल्याला फोन लावला.

"काटा अकरा?" तो ओरडला. "अरे, ते आपल्या कारखान्यासाठी! तू डोंगरावर बसलायस, हवा विरळ. तिथं अकरावर हवी तेवढी उष्णता होतच नाही. चौदा पाहिजे, चौदा!"

"पण झाकणं घट्ट आहेत."

"झाकण घट्ट म्हणजे आतलं मेलं असं नाही. शेंगांच्या मातीतला जो जंतू असतो ना, त्याला बंद बरणीच आवडते. वास येत नाही, चव बदलत नाही. कधी फुगतं, कधी फुगतही नाही. खाणारा मात्र जातो. कुणाला दिल्यास?"

टकटकरावांनी फोन ठेवला. एकोणीस वर्षं ज्या आवाजावर विश्वास ठेवला, त्या आवाजाने आत काय आहे ते कधी सांगितलंच नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"आत्ता जा आणि सांगा. घरोघर."

"सांगितलं की संपलं, अगं. विषाच्या बरण्या वाटणारा म्हणतील. पुन्हा कोण खाईल माझ्या हातचं? कशावरून बिघडल्यात? साठांतली एखादी असेल, नसेलही. झाकली मूठ..."

"झाकून तर बसलोय," ती म्हणाली. "बारा घरांत."

शेवटी त्यांनी मधली वाट काढली, आणि मधल्या वाटा बहुधा अशाच माणसांनी काढलेल्या असतात. लेबल चुकलंय, बदलून देतो, असं सांगून बरण्या गोळा करायच्या. बायको म्हणाली, "खोटं बोला नाहीतर खरं बोला. दुपारच्या जेवणाआधी बाराच्या बारा इथं पाहिजेत."

पाठीवर टोपली घेऊन टकटकराव निघाले. "लेबल चुकलं होय? राहू द्या की, आम्हाला कुठं वाचायचंय," असं प्रत्येक जण म्हणायचा. मग हे घाम पुसत हसायचे, हट्ट करायचे, आणि बरणी टोपलीत पडली की पुढच्या दाराकडे पळायचे. एका घरी दार उघडायला वेळ लागला, तर खिडकीतून आत डोकावून बघितलं, कुणी जमिनीवर पडलंय का म्हणून. अकरा झाल्या. उरली ड्रायव्हरदादांची. ते सकाळीच वरच्या वाडीकडे गेले होते. घराला कुलूप.

टकटकराव टपरीपाशी वाट बघत उभे राहिले. जीव टांगणीला लागलेला आणि तोंडावर हसू. अर्ध्या तासाने पायऱ्यांवरून ड्रायव्हरदादा उतरताना दिसले. हात रिकामे. दोन बोटांत काहीतरी ओलं, चुरगळलेलं.

"घे तुझं लेबल," ते लांबूनच म्हणाले. "वाटेत कळलं तू गोळा करत फिरतोयस म्हणून. म्हटलं, घरी जाऊन पाण्यात भिजवून सोलूनच आणावं. तुझे पाय वाचले."

"आणि बरणी?"

"ती कशाला देऊ? सकाळी निघतानाच उघडली. झकास आहेत शेंगा. चारपाच खाल्ल्या."

"गरम करून?"

"गरम कशाला? तूच म्हणालास ना, उघडायचं आणि खायचं."

टपरीवर सातआठ माणसं होती. टकटकरावांना वाटलं आपण हळूच बोलतोय, पण आवाज रस्त्याच्या पलीकडे गेला. "दादा, लेबल नाही चुकलं. मी चुकलो. भांडं कमी तापलं. शेंगांत विष असेल. मला सकाळपासून माहीत आहे आणि मी लेबलाची थाप मारत फिरतोय!"

चहावालीने चुलीवरचं भांडं उगाच उतरवलं. ड्रायव्हरदादांनी हातातल्या ओल्या कागदाकडे बघितलं आणि तो नीट घडी करून खिशात ठेवला.

गावातली एकुलती एक जीप दोघांना घेऊन खालच्या दवाखान्यात गेली. दादांच्या घरून बरोबर नेलेली उरलेली बरणी डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतली. त्या म्हणाल्या, "याचं औषध मोठ्या गावातून मागवतेय. दोन दिवस यांना नजरेआड करू नका. एकाची दोन दिसायला लागली, पापण्या जड झाल्या, गिळताना त्रास झाला, तर त्याच क्षणी मला हाक मारा."

मग टकटकराव खाटेशेजारच्या स्टुलावर बसले ते बसलेच. दर पंधरा मिनिटांनी बोटं धरायची. "दादा, किती?" "तीन." "दादा, किती?" "एक. आणि तेही वाकडं." पाणी पाजायचं आणि घशाकडे टक लावून बघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरदादा कंटाळले. टकटकरावांनी दोन बोटं धरली. ते डोळे बारीक करून म्हणाले, "चार."

टकटकराव उठले आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारायला दारापर्यंत पोचले. दाराची चौकट धरून ते खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

"अरे, गंमत केली! दोनच आहेत, दोन!" म्हातारा खाटेवरून उतरला. अनवाणी येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "लेबलाऐवजी हे आधी सांगितलं असतंस, तर मी तिथंच ओकून टाकलं असतं ना रे."

टकटकरावांनी डोळे पुसले आणि त्यांना धरून परत खाटेवर बसवलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढले. त्यांच्या बरणीत काही होतं की नव्हतं, ते तपासणारी जागा लांब होती आणि उत्तर यायला महिना लागणार होता. गाव महिनाभर थांबायला बसलं नव्हतं. गावाने आपलं उत्तर काढलं. लोक बोलायचे, हवापाणी विचारायचे, पण शेंगा आणून देईनात. टकटकरावांनी बाकीच्या सगळ्या बरण्या खोल खड्ड्यात पुरल्या. चहावालीकडूनच टोपलीभर शेंगा मागून घेतल्या, काटा चौदावर नेला आणि नवी खेप काढली. या वेळी झाकणं वाजवली नाहीत.

मग त्यांनी टपरीसमोर, सगळ्यांच्या नजरेसमोर, एक टेबल मांडलं. खेपेतली एक बरणी तिथं ठेवली.

"आधी मी खाणार, गार," ते म्हणाले. "तीन दिवस इथंच, तुमच्यासमोर बसणार. चौथ्या दिवशी बोलता आलं तर बाकीच्या विकीन."

एक बरणी चांगली निघाली म्हणजे बाकीच्या चांगल्याच, असं नसतं. हे तिथं त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माणसांना काट्याचा आकडा दाखवून काय पटणार? त्यांनी झाकण फिरवलं. काटा चौदा, वेळ पंचवीस, मनातल्या मनात ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

तेवढ्यात बाकावर कुणीतरी शेजारी येऊन बसलं. बायको होती. पदराने चमचा पुसत होती.

"तू नको," ते दबक्या आवाजात म्हणाले. "एकाने पुरे. माझी चूक होती."

"सरका जरा," ती म्हणाली, आणि त्यांच्या आधी तिने बरणीत चमचा घातला. "तुम्हाला काही झालं तर मी इथं एकटी काय करू, शेंगा मोजू?"